कापडाची भिंत

नागेंद्रनं पहिली लाथ घातली ती उंटाच्या पाण्याच्या घमेल्याला. घमेलं गडगडत जाऊन तंबूच्या खुंटीवर आपटलं, पाणी वाळूत जिरून गेलं आणि बाभळीखाली बसलेल्या उंटानं मान उचलून एकदा बघितलं. दुसरी लाथ खुर्चीला बसली. तिसऱ्यांदा पायाऐवजी हात उठला आणि परशरामच्या कानाखाली वाजला.

"डेझर्ट कॅनियन म्हणं! नदीतली वाळू टिपरनं आणून वतलीया, आमाला कळत न्हाय व्हय? एसी कुठाय? गरम पाणी कुठाय? साहेबास्नी घेऊन आलोय मी हितं!"

परशराम त्या कॅम्पचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे पाहुण्यांच्या शिव्या खायला मालकानं पगारी ठेवलेला माणूस. मालक स्वतः लांब शहरात राहायचा. परशरामनं गालावर हात धरला आणि खाली बघत म्हटलं, "सर, दुपारी जनरेटर बंद असतोय. संध्याकाळी चालू हुतोय."

"तोंड वर करून बोलतोस?" म्हणून नागेंद्रनं त्याची कॉलर धरली. शेवटी त्याचे साहेब, स्वरूप, मध्ये पडले आणि हसत त्याला बाजूला घेऊन गेले.

अंबुबाई तंबूच्या सावलीत बसून हे बघत होती. साहेबांची बायको तेजस्वी तिच्या शेजारी अवघडून उभी होती, म्हणून अंबुबाईनं तिची समजूत घातली. "तापट हाय जरा. पर मनानं लई चांगला. माज्या पोरीला फुलावानी जपतोय."

हे ती मनापासून बोलली. जावयाचा तिला अभिमान होता. तो बेळगावच्या एका फाउंड्रीत मोठ्या हुद्द्यावर होता, दारात गाडी होती, आणि कुठंही फिरायला निघाला की सासूला बरोबर घ्यायचा. गल्लीत असं कुणाचं नशीब होतं? "जावई मला सोडून हालत न्हाय," असं ती निपाणीत नळावर सांगायची, आणि बायका तोंड वाकडं करायच्या.

खरं तर बोलावणं यायचं ते पोरीचं. प्रियदर्शनीचं. "आई, तू येच. तुझ्याशिवाय जायचं न्हाय," असं फोनवर हटूनच बसायची. आईचा जीव तेवढ्यानं फुगायचा. माया असली की माणूस असं अर्धंच ऐकतं.

या वेळची जागाही प्रियदर्शनीनंच फोनवर शोधून काढली होती. गोकाकच्या पुढं, घटप्रभेच्या काठी, लाल कातळाच्या दरीच्या तोंडावर पांढरे तंबू. फोटोत गालिचे होते, झुंबरं होती, उंटांची रांग होती. इथं येऊन बघितलं तर एक उंट, तोही खोकणारा. गालिच्याला उंदरानं कुरतडलेलं आणि तंबूत पाय टाकला की भट्टीत शिरल्यासारखं. स्वरूपसाहेब आत डोकावले आणि सहज म्हणाले, "अरे नागेंद्र, आमच्या गावच्या जत्रेत ह्यापेक्षा बरे तंबू असतात की रे." सगळे हसले. नागेंद्रही हसला. मग बाहेर येऊन त्यानं घमेल्याला लाथ घातली.

दरी मात्र खरी होती. सकाळी आल्याआल्या सगळे कडेपर्यंत जाऊन आले होते. तासून उभे केल्यासारखे तांबडे कडे, खाली हिरव्या पाण्याची चिंधी, आणि हाक मारली की समोरच्या कड्यातून तीच हाक परत. अंबुबाईनं आयुष्यात असलं काही बघितलं नव्हतं. फोटोसाठी प्रियदर्शनी कडेला उभी राहिली तेव्हा नागेंद्रनं तिचा दंड घट्ट धरला. "पुढं जाऊ नको, पडशील," असं तो हसत म्हणाला. पोरीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. उंचीला भ्याली, असं अंबुबाईला वाटलं. अंबुबाईच्या स्वतःच्या नवऱ्यानं, शामूनं, तिला कधी हात धरून गटारसुद्धा ओलांडून दिलं नव्हतं.

शामू तंबाखूच्या वखारीत हमाल होता आणि अंबुबाई त्याच वखारीत तंबाखू चाळायला. तोंडाला फडकं बांधून तिनं तीस वर्षं तंबाखूच्या धुळीची ती खाट छातीत घेतली. शामू पिऊन आला की जळणातली लाकडाची फोड उचलायचा. अंबुबाईची डावी भुवई मधोमध तुटलेली होती, ती त्या फोडीनंच.

त्या गल्लीत घराघरांत कुडाची भिंत. एका घरात ताक घुसळलं तर दुसऱ्या घरात कळायचं. नवराबायकोच्या मध्ये पडायचं नाही, दुसऱ्याचा उंबरा ओलांडायचा नाही, हा गल्लीचा कायदा होता. पण बायकांनी त्यातून एक वाट काढली होती. एखाद्या घरात मारहाण सुरू झाली की शेजारीण आपल्याच दारात बसून ताटावर पळी हाणायची. मग पलीकडची, मग समोरची. सगळी गल्ली ताटं बडवायची. बोलायचं कुणी नाही. मार खाणारीला कळायचं की ऐकू जातंय आणि मारणाऱ्यालाही कळायचं. बहुतेक वेळा त्याचा हात थांबायचा.

अंबुबाईसाठी ताटं कितीदा वाजली असतील त्याला गणती नव्हती. आणि खरं सांगायचं तर फोडीपेक्षा तिला ती ताटंच जास्त लागायची. दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्या बायका मुद्दाम दुसरीकडं बघायच्या, तेव्हा तिला जमिनीत शिरावंसं वाटायचं. एकदा तर ताटं ऐकून दोन बाप्ये घरात घुसले आणि शामूला तुडवायला लागले. तेव्हा हीच अंबुबाई त्यांच्यावर धावून गेली. "माजा नवरा हाय त्यो!" म्हणून तिनं एकाच्या हाताला रक्त येईतो चावा घेतला. त्यानंतर बरेच दिवस तिच्यासाठी कुणी ताट वाजवलं नाही. ते दिवस कसे गेले ते तिचं तिला ठाऊक.

म्हणून तिनं मनाशी एकच गाठ मारली होती. पोरगी अशा घरात द्यायची की ज्याचा आवाज बाहेर जात नाही. नागेंद्रचा बेळगावातला फ्लॅट बघायला गेली तेव्हा तिनं स्वयंपाकघर बघितलं नाही की नळाचं पाणी बघितलं नाही. बोटाच्या पेरांनी भिंत ठोकून बघितली आणि म्हणाली, "भित्त दणकट हाय. हितंच करूया." नागेंद्रच्या घरचे हसले होते. अडाणी बाईला बांधकामातलं कळतंय म्हणून कौतुकही झालं होतं.

जेवणं उरकली. रस्सा खारट होता, भाकरी गार होती, आणि नागेंद्र ताटातलं नुसतं चिवडत होता. सगळे आपापल्या तंबूत पडायला गेले. अंबुबाईचा आणि लेक-जावयाचा तंबू एकच, मध्ये जाड कापडाचा पडदा. पडद्याच्या फटीतून तिला दिसलं, की पोरीनं आत आल्याआल्या आवराआवर सुरू केली. स्टीलची बाटली, चार्जरची वायर, कमरेचा पट्टा, खुंट्या ठोकायची मोगरी. एकेक वस्तू उचलून ती पलंगाखाली लांब सारत होती. वळण चांगलं आहे पोरीला, असं म्हणत अंबुबाई आडवी झाली.

तिचा डोळा लागत होता, तेवढ्यात पलीकडून नागेंद्रचा आवाज आला. अगदी हळू.

"जत्रा म्हणाले मला. ऐकलंस न्हवं?"

"आई हाय पलीकडं," प्रियदर्शनी कुजबुजली.

"जागा कुणी काढली ही? कुणी काढली?"

"मी."

मग एक आवाज झाला. ओलं धुणं दगडावर पडावं तसा. अंबुबाई उठून बसली. तिच्या कानांना तो आवाज नवा नव्हता, पण डोकं कबूल होईना. पुन्हा तोच आवाज, आणि मधला पडदा तिच्या बाजूला फुगला. कापडात खांद्याचा आकार उमटला. मग डोक्याचा. कुणीतरी त्या कापडावर आपटलं जात होतं. कापड मागं जायचं आणि पुन्हा फुगून पुढं यायचं.

अंबुबाईनं पडद्यावर तळवा टेकला. पलीकडं तिच्या लेकीची पाठ थरथरत होती. तोंडातून हुंकार नाही. ओरडायचं नाही हे पोरीला कधीच शिकून झालेलं होतं.

तेव्हा अंबुबाईला सगळं एकदम कळलं. ती आवराआवर कसली होती ते कळलं. शामू यायच्या वेळेला ती स्वतः जळणाच्या फोडी अशाच चुलीमागं लपवायची. उन्हाळ्यातल्या लांब बाह्या कळल्या, दरीच्या कडेचा तो पांढरा चेहरा कळला. "आई, तू येच" कळलं. आई असली की तो मारत नसे. चार वर्षं ती लेकीच्या घरी पाहुणी म्हणून मिरवत होती आणि लेक तिला ढाल म्हणून बोलावत होती. आणि त्या दणकट भिंती कुणी पसंत केल्या होत्या? जीभ झडली असती तर बरं, असं तिला वाटलं.

पडदा उचलून आत जावं हे तिला सुचलंच नाही. गल्लीचा कायदा हाडात मुरलेला होता. तिचे पाय बाहेर धावले आणि हात शोधत होते ताट.

जेवणाच्या मांडवाखाली उष्ट्या भांड्यांचा ढीग होता. तिनं एक स्टीलचं ताट उपसलं, एक पळी उचलली, तंबूच्या दारासमोर भर उन्हात बसकण मारली आणि बडवायला सुरुवात केली.

त्या टळटळीत दुपारी तो आवाज सुरीसारखा गेला. आणि मग जे झालं त्यानं अंबुबाईच्या अंगावर काटा आला. समोरच्या कड्यातून दुसरं ताट वाजलं. मग आणखी एक, थोडं उशिरा. दरी तिचाच आवाज तिला परत देत होती हे तिला कळत होतं, तरी तिला गल्ली आठवली. ती आणखी जोरानं बडवू लागली.

तेजस्वी डोळे चोळत बाहेर आली. "चहा झाला का?" साहेब बनियनवर आले. परशराम पळत आला. "आज्जी, वाजवू नका, उंट बुजतोय!" उंट खरंच उठून दोर ताणत होता.

तंबूचं दार बाजूला झालं आणि नागेंद्र बाहेर आला. केस नीट केलेले, तोंडावर हसू.

"मामी, काय पायजे काय? उन्हात कशाला बसलाय?"

अंबुबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि बडवत राहिली.

"मामी, बास. साहेब बघायलेत."

ती थांबली नाही. त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलले. ते डोळे अंबुबाईनं पूर्वी शामूच्या तोंडावर बघितले होते. "बास म्हणतोय न्हवं!" म्हणत त्यानं तिच्या हातातलं ताट हिसकलं आणि तेच तिच्या डोक्यात घातलं. एकदा. पुन्हा एकदा. दुसऱ्या घावाला ताटाची कड मुडपली, उजव्या भुवईवरची कातडी फाटली आणि अंबुबाई वाळूत आडवी झाली.

 साहेब म्हणाले, "अरे, अरे," आणि जागचे हलले नाहीत. शिकलेल्या माणसांचं असं होतं कधीकधी.

पण भांडी घासणारी जयाबाई मांडवातून बाहेर आली होती. ती तिथल्याच गावची, कानडी बोलणारी. "येनातरी अक्का?" काय झालं, असं विचारत ती आली आणि तिनं वाळूत पडलेली म्हातारी बघितली, तंबूच्या दारात ओठ फुटलेली पोर बघितली. पुढं तिनं काही विचारलं नाही. हातातला झारा तिनं पातेल्यावर हाणला. तिच्या मागच्या दोघी बायकांनीही जे हाताला लागलं ते बडवायला घेतलं. ही रीत त्यांच्या गावात होती की तिथल्या तिथं समजली, देव जाणे.

तो आवाज चहूकडून आला आणि परशरामचा ताबा सुटला. मघाचा कानाखालचा जाळ अजून विझला नसावा. तो नागेंद्रवर तुटून पडला. पाठोपाठ आचारी आला, उंटवाला आला. त्यांनी त्याला वाळूत पालथा पाडला. एकानं मान दाबली, बाकीच्यांनी लाथा घातल्या, बरगड्यांत, मांड्यांत, मिळेल तिथं. आचाऱ्याची लाथ तोंडावर बसली आणि पांढऱ्या वाळूवर रक्ताची पिंक पडली. नागेंद्रच्या तोंडात वाळू गेली होती. ती थुंकत तो ओरडला, "प्रिया! सांग ह्यास्नी! प्रिया!"

प्रियदर्शनीचा एक पाय पुढं पडला.

अंबुबाई एका कोपरावर उठून बघत होती. डोळ्यात रक्त उतरत होतं. त्या एका पावलाची तिला जेवढी भीती वाटली तेवढी ताटाची वाटली नव्हती. याच जागी ती स्वतः उभी होती एकदा. आता ही धावेल, परशरामला ओरबाडेल, माझा नवरा आहे म्हणेल. मग सगळं पुन्हा तेच. तोच फ्लॅट, त्याच भिंती. 

पोरगी त्या एका पावलावर थांबली. नवऱ्याकडं बघत राहिली. मग सावकाश वळून आईपाशी आली, गुडघ्यांवर बसली आणि आपली ओढणी चुरगळून आईच्या कपाळावर दाबली.

"सोडा त्याला," ती मागं न बघता म्हणाली. "मरंल. मग त्यातबी आमीच अडकायचं." आणि परशरामला म्हणाली, "दादा, आमाला गोकाकच्या स्टँडवर सोडा."

परशराम धापा टाकत बाजूला झाला. नागेंद्र वाळूत कुशीवर वळून कण्हत होता. साहेब आता भानावर येऊन फोनवर कुणाशी तरी बोलत होते आणि तेजस्वी प्रियदर्शनीची चप्पल हातात घेऊन उभी होती. खाली वाकून तिनं ती पोरीच्या पायांपाशी ठेवली. 

कॅम्पच्या जीपनं त्यांना गोकाकला सोडलं. दवाखान्यात अंबुबाईच्या भुवईला टाके पडले. आता दोन्ही भुवया तुटलेल्या, जोड जमला. निपाणीची गाडी लागलेलीच होती. दोघी खिडकीजवळच्या बाकावर बसल्या तेव्हा प्रियदर्शनीच्या ध्यानात आलं, की आईच्या काखेत ते ताट अजून तसंच आहे. कड मुडपलेलं, मध्ये खड्डा पडलेलं.

"हे कशाला आणलंस?"

"मला काय म्हाईत. उठताना वाळूतनं उचललं, ते हातातच ऱ्हायलं." अंबुबाई ओशाळली. "लोकांचं ताट. चोरीच झाली की गं."

गाडी सुटली. गोकाक मागं पडलं. मग अंबुबाईनंच तोंड उघडलं.

"कवापास्नं?"

"पैल्या दिवाळीपास्नं."

"आन् मला सांगिटलं न्हाईस."

"तू नळावर सांगत होतीस न्हवं, जावई कसा हाय ते." पोरीच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. ती खिडकीबाहेर बघत होती. "आई, ती जागा मीच काढली. त्यो खरं बोलत व्हता."

"मरू दे जागा."

"तसं न्हवं. हॉटेलं लई व्हती, चांगली चांगली. फोटोत मी भित्ती बघत व्हते. हितल्या कापडाच्या व्हत्या." तिनं फुटलेल्या ओठावरून जीभ फिरवली. "म्हटलं, कापडाच्या भित्तीत त्यो मारणार न्हाय. दोन दिस बरं जातील."

अंबुबाई रडली. आवाज न करता नाही, चांगली हंबरून रडली. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली आणि तिनं कुणाचीही पर्वा केली नाही. "म्याच ठोकून बघितल्या गं त्या भित्ती," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. प्रियदर्शनी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

कंडक्टरबाई तिकीट फाडत जवळ आली. कर्नाटकात बायकांना प्रवास फुकट झाला तरी तिकिटासाठी गाव सांगावंच लागतं. "येल्लिगे?" तिनं विचारलं. कुठं जायचंय?

अंबुबाईनं डोळे पुसले. बेळगावला जायचं तर संकेश्वरला उतरून गाडी बदलायची. निपाणीला जायचं तर बसून राहायचं. हे उत्तर आईनं द्यायचं नसतं, एवढं तिला त्या दिवशी समजलं होतं. तिनं ताट छातीशी धरलं आणि लेकीच्या तोंडाकडं बघितलं.

"निपाणी," प्रियदर्शनी म्हणाली. "दोघी."

कंडक्टरबाईनं एकीच्या टाक्यांकडं बघितलं, दुसरीच्या ओठाकडं बघितलं. फुकट तिकिटाला लागतं ते आधार कार्ड काही मागितलं नाही. दोन तिकिटं हातात दिली आणि पुढं गेली.

हुक्केरीच्या पुढं रस्ता खराब लागला. अंबुबाईला ग्लानी आली तसं ताट तिच्या मांडीवरून घसरलं आणि समोरच्या बाकाच्या दांडीला टेकलं. खड्डा आला की ते दांडीवर आपटायचं. ठण्ण. पुन्हा खड्डा, पुन्हा ठण्ण. पुढची दोन माणसं कपाळाला आठ्या घालून मागं वळली. अंबुबाईला जाग आली आणि सवयीनं तिचा हात ताट दाबून धरायला पुढं झाला.

प्रियदर्शनीनं तो हात धरला आणि आपल्या मांडीवर घेतला.

"असू दे आई," ती म्हणाली. "वाजू दे."